डावीकडे चंद्रमौळी

कुंभकोणमच्या नगरपालिकेच्या बागेत, रेडिओच्या खोलीवर, भोंग्याच्या बरोबर खाली वासुदेवरावांचा फोटो लागला. बागेतला रेडिओ लावणाऱ्या मणीनं खिळा ठोकला, शेषाद्री वकिलांनी हार घातला. वासुदेवरावांना जाऊन महिना झाला होता. त्यांची बायको तुळसी मद्रासहून आली होती आणि कठड्याजवळच्या बाकावर एकटीच बसली होती.

शेषाद्री वकील एकदा बोलायला उभे राहिले की लवकर बसत नसत. "पंधरा वर्षं हे पाय फुटबॉलच्या मैदानावर धावले," ते म्हणाले. "मग आठ वर्षं सामन्यांचं वर्णन करत हा आवाज या भोंग्यातून धावला. सामना मद्रासला, पण तो दिसायचा आपल्याला, इथे बसून!"

लोकांनी माना डोलावल्या. एकाला वासुदेवरावांचं अनवाणी खेळणं आठवलं. दुसऱ्याला दारासुरमच्या विणकरांनी त्यांच्या खांद्यावर घातलेला रेशमी पंचा आठवला.

"आणि तो शेवटचा दिवस! खेळत होते मद्रासचे दोन संघ. अर्धा खेळ झाला आणि वासुदेवराव एकाएकी आपलीच नावं घेऊ लागले. विजयराघव, त्यागराज… चौतीस सालचा आपला अख्खा संघ! 'डावीकडे चंद्रमौळी मोकळा आहे, वासुदेवनं चेंडू चंद्रमौळीला दिला, गोल!' साऱ्या मद्रास राज्याला आपलं गाव ऐकवलं त्यांनी. काय टाळ्या पडल्या इथे! मध्येच आवाज गेला आणि नादस्वराचं वादन लागलं, तर आपल्या मणीनं रेडिओला चापट्या मारल्या."

"दोनच मारल्या," मणी म्हणाला. लोक हसले.

गावाचं नाव निघालं की माणसांच्या कानात वारं शिरतं. त्या दिवशी बागेत कुणाला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

आता सगळे चंद्रमौळीकडे पाहू लागले. तो नेहमीसारखा रेडिओच्या खोलीच्या पायरीवर बसला होता. चौतीस साली तंजावरला, अंतिम सामन्यात, तो खरोखरच डावीकडे मोकळा होता; हात वर करून ओरडत होता. वासुदेवरावांनी चेंडू दिला नाही. स्वतःच मारला. तो गोलच्या खांबावर आपटला आणि कप गेला. त्यानंतर बावीस वर्षं चंद्रमौळी त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. गावाला मात्र कॉफीच्या प्रत्येक पेल्याबरोबर ही गोष्ट ऐकवत राहिला.

महिन्यापूर्वी भोंग्यातून आपलं नाव आलं, तेव्हा तो ताडकन उभा राहिला होता आणि त्याचा हात आपोआप वर गेला होता. "माफी मागितली त्यानं," असं घरी जाऊन बायकोला सांगताना तो लहान मुलासारखा रडला होता.

"तुम्ही टाळ्या वाजविल्या?" तुळसीनं विचारलं.

तिनं घरच्या जुन्या तंजावरी मराठीत, हळूच विचारलं होतं. पण शेषाद्री थांबले.

"त्याआधीं महिनाभर," ती चंद्रमौळीकडे पाहत म्हणाली, "रोज सांजेस पायांस पट्टी गुंडाळून दारीं बसत. कोठें जातां म्हणून पुसलें, तर म्हणत, मौळी वाट पाहतो. डाक्टरास दाखवायचें ठरलें होतें. त्या दिवशीं मज न सांगतां सामन्यास गेले. मैदानावरच्यांस वाटलें, प्याले आहेत. दारूबंदीचे दिवस. कोणी पाहूं नये म्हणून मागच्या खोलींत नेऊन बसविलें. दीड तास. डोक्यांत शीर फुटली होती, भावजी. मद्रासेंत हीं नावें कोणास ठावीं? तुम्हांस तर अवघीं ठावीं होतीं. एकानें तरी ट्रंक कॉल करायचा. सांगायचें, हा सामना बावीस वर्षांमागचा, ह्यांस कांहीं झालें आहे."

शेषाद्री खाली बसले. आपले हात कुठे ठेवावेत हे कुणाला कळेना.

चंद्रमौळीला आता कळलं. म्हणजे माफी नव्हतीच ती. फुटलेल्या डोक्यातून सांडलेलं काहीतरी होतं, आणि ते त्यानं महिनाभर देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपलं होतं.

"एकच पुसतें," तुळसी म्हणाली. "लोक म्हणतात, भ्रम झाला, तोंडास येईल तें बोलले. तो चेंडू त्यांनीं खरेंच तुम्हांस दिला होता ना?"

बागेत शंभरेक माणसं होती. उत्तर त्या शंभर जणांना पाठ होतं.

चंद्रमौळी पायरीवरून उठला. फोटोकडे त्यानं पाहिलं नाही.

"दिला होता, वैनी," तो म्हणाला. "बरोबर पायाशीं दिला. चुकविला तो मी."

तुळसीनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणजे तेवढें तरी नीट आठवलें त्यांस," ती म्हणाली.

सहा वाजले. मणी सवयीनं रेडिओपाशी गेला, आणि बटणाला हात न लावताच परत येऊन बसला.