अंड्यांचा खोका

हिरामणला नाशकात सातपूरच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात काम लागलं, तेव्हापासून हरसूलहून आई दर आठवड्याला एसटीच्या कंडक्टरजवळ डबा धाडायची. आत पाच गावठी अंडी, आणि ती फुटू नयेत म्हणून गच्च भरलेली नागली. नागली काही फेकवायची नाही, मग बायको ती दळून आणायची आणि आठवडाभर भाकरी व्हायच्या.

दिवाळीला हिरामणने स्वतः बनवलेला कप्प्याकप्प्यांचा खोका घरी नेला. “आई, आता नागली भरायला नको. एक जरी अंडं फुटलं तरी नाव बदलीन!”

आईने खोका उलटूनपालटून पाहिला, मग त्याच्या गालावरून हात फिरवला.

“लय भारी केलाय रे. पण अंडी तं नाशकातबी मिळतात. शहरात नागली न्यायची तुला लाज वाटायची, म्हनून तिच्यात अंडी ठेवायची मी.”