मलप्पांचं रक्त

"रोग आमच्या घराण्यातला न्हाई," मलप्पा म्हणाले. "बिलोलीहून आलाय."

बिलोली म्हणजे सुनेचं माहेर. सून वर्षाराणी तेव्हा ओंकारच्या पोटाला इन्सुलिनची सुई देत होती. मलप्पांनी तोंड फिरवलं. नातवाची सुई बघितली की त्यांना सुनेच्या बापाचं, सिद्धलिंगाचं थोबाड दिसायचं.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हा टाइप वन मधुमेहच, पण नेहमीचा नाही. घराण्यातनं आलेल्या एखाद्या जनुकानं याची जोखीम वाढते. दोन्हीकडच्यांचं रक्त पाठवा. आणि यात दोष कुणाचाच नसतो.

शेवटचं वाक्य मलप्पांनी ऐकलंच नाही.

लातूरच्या मार्केट यार्डात, आपल्या आडतीवर, सौद्याला जमलेल्या व्यापाऱ्यांसमोर त्यांनी निकाल देऊन टाकला. "दोन्ही आजोबांचं रक्त तपासू. सिद्धलिंगाच्या रक्तात निघालं की सून बिलोलीला. नातू हितंच."

"मग त्याला सुई कोण देईल, अप्पा?" मुलगा उमाशंकर हळूच म्हणाला.

"तू गप. जांभईबी बायकोला विचारून देतोस."

चहा घेऊन आलेली वर्षाराणी दारातच थांबली. "आन् मामा, तुमच्या रक्तात निघालं तर?"

व्यापारी हसले. मलप्पा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. "तर मी जातो की बिलोलीला. कायमचा. तुझ्या बापाच्या ओसरीवर बसून भाकर खातो."

सिद्धलिंग लातूरला आले. रक्त देताना त्यांना दरदरून घाम फुटला.

"बघा," मलप्पा सगळ्यांना म्हणाले, "चोराचा घाम."

मग ते स्वतः बसले. नर्सनं विचारलं, "घरात लहानपणी कुणी वाळून गेलं होतं का? सारखं पाणी मागणारं?"

"न्हाई," मलप्पा म्हणाले. आणि त्यांना धाकटा भाऊ आठवला. रांजण रिकामा करायचा आणि वाळत वाळत गेला. घरात सगळे करणी म्हणाले. करणारा कोण, तेही ठरवून झालं होतं.

मलप्पांचा कुरिअरवर भरवसा नव्हता. नळ्या बर्फाच्या डब्यात घालून केरबा एसटीनं नांदेडला नेणार होता. केरबा आडतीवरचा जुना माणूस. सांगितलेलं करायचं, का म्हणून विचारायचं नाही, एवढा एकच गुण त्याच्यात होता, आणि मलप्पांना माणसात तेवढाच गुण लागायचा.

स्टँडवर त्यांनी केरबाला खांबाआड ओढलं. "दोन्ही नळ्यांवरल्या नावाच्या पट्ट्या अदलाबदल कर. आत्ताच."

"हाव मालक."

त्यानं त्यांच्यासमोर केली. तेवढ्यात बिलोलीला परतणारे सिद्धलिंग त्याच गाडीपाशी आले.

"बसा पाव्हणं, केरबाशेजारीच बसा," मलप्पा गोड हसले. "डबा सांभाळा. तुमचीच इज्जत हाय त्यात."

रिपोर्ट आला तेव्हा व्यापारी सौदा सोडून आडतीत शिरले. उमाशंकरनं वाचलं. सिद्धलिंग यांच्या रक्तात काही आढळलं नाही. मलप्पा यांच्या रक्तात जोखमीचं जनुक आहे.

मलप्पांना दरदरून घाम फुटला. म्हणजे रोग खरंच त्या बिलोलीवाल्याचा होता, आणि आपण तो आपल्या हातानं आपल्या नावावर करून घेतला. बोलावं, तर पट्ट्यांचं सांगावं लागणार. ते गप्प बसले. जन्मात पहिल्यांदाच.

वर्षाराणीनं बॅग भरली. त्यांची.

"स्वेटर ठेवलाय मामा. आमच्या ओसरीवर वारं लई सुटतं."

सगळे व्यापारी निरोपाला स्टँडवर आले. त्यासाठी त्यांनी त्या दिवशी सौदासुद्धा उशिरा लावला. उमाशंकर आला नाही. पोराला सुई द्यायला शिकत होता म्हणे.

गाडीच्या पायरीशी मलप्पांनी केरबाला हळूच विचारलं, "पट्ट्या नीट बदलल्या व्हत्यास ना रे?"

"तुमच्या डोळ्यांदेखत की, मालक."

मलप्पांची मान जरा ताठ झाली. इज्जत गेली, पण रक्त तर साफ होतं. त्या सिद्धलिंगाच्या ओसरीवर बसून रोज त्याच्याकडं तुच्छतेनं बघता येईल. या विचारानं त्यांना खिडकीजवळची जागा मिळाल्यासारखं वाटलं.

केरबानं बॅग आत दिली.

"पाव्हण्यांना माझा नमस्कार सांगा मालक. त्या दिशी अहमदपूरला गाडी थांबली, तवा त्यांनीबी तेच सांगितलं, पट्ट्या बदल म्हणून. त्यांचंबी काम लगीच करून दिलं."