खुनी कोण, तर डॉक्टर!

दुसऱ्या पाळीमुळे फोरमनला ती रहस्यमालिका कधी बघताच आली नाही. रोज सकाळी चहा घेताना तो "पुढे काय झालं?" विचारायचा, बायको कालचा भाग सांगायची आणि तोच भाग तो कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकवायचा. आज त्याने शेवट सांगितला.

"एवढी वर्षं जीव टांगणीला लावला, आणि खुनी कोण, तर डॉक्टर?" वेल्डर भडकला.

नवा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "कसला डॉक्टर? मालिका चार वर्षांपूर्वीच संपली. खून बहिणीने केला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमनने बायकोला जाब विचारला. बायको चहा गाळत म्हणाली, "सोमवारपासून तुम्हाला पहिली पाळी. संध्याकाळी घरीच असणार, म्हणून संपवली."

"अगं, पण चार वर्षं?"



"तेव्हाच संपवली असती, तर तुम्ही माझ्याशी काय बोलला असतात?"