ओळंब्यासारखी नजर

"अहो, हल्ली तुमच्या भिंतींना पोट सुटतंय," म्हणत बायकोने गवंडीकाकांना डोळ्यांच्या दवाखान्यात ओढून आणलं.

"डोळ्याच्या पडद्यामागचा थर सुजून पाणी साचलं, की सरळ रेघा वाकड्या दिसतात," असं सांगत डॉक्टरीणबाई उभ्याआडव्या रेघांचा नवाकोरा तक्ता प्रत्येकापुढे धरत होत्या. आधीच्या आठही जणांना रेघा वाकड्या दिसल्या. आठही जणांची रवानगी पुढच्या तपासणीला झाली.

काका मात्र गरजले, "ओळंबा लावून मारल्यासारख्या सरळ आहेत!"

"तुम्ही ठणठणीत आहात, काका."

बायकोला टोमणे मारत काका घरी पोचले, तोच फोन वाजला.



"काका, लगेच परत या. तक्ताच वाकडा छापलाय. ते आठ जण ठणठणीत आहेत."