ग्राफ्ट म्हणजे कलम

सोलापूरच्या दवाखान्यात शिवानीचा भाजलेला हात बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ग्राफ्ट करावं लागेल."

प्रभुलिंगला तो शब्द ठाऊक होता. मोहोळच्या रोपवाटिकेत वीस वर्षं तो गावठी बोरीवर चांगल्या जातीच्या फांदीचे डोळे भरून कलमं करत आला होता. ग्राफ्ट म्हणजे कलम. पण ते माणसालाही करतात, हे त्याला आजच कळलं.

"म्हंजे कातडीचं कलम?"

"हो. दुसरीकडची कातडी काढून इथं लावायची."

त्यानं धोतर मांडीपर्यंत वर घेतलं. "मग माजी घ्या की."

"दुसऱ्याची टिकत नाही, काका. गळून पडते. तिच्याच अंगावरची घ्यावी लागेल."

"आमच्या बोरीवर परक्या झाडाचा डोळा बी धरतो."

"झाड धरतं. माणसाचं शरीर नाही धरत."

डॉक्टरीणबाई निघाल्या तेव्हा तो दारापर्यंत त्यांच्या मागं गेला आणि शिवानीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "तिच्या सख्ख्या बापाची असती, तर धरली असती का?"

"नाही. सख्ख्या बापाचीही नाही."

तेवढं ऐकून प्रभुलिंग आत आला आणि आपल्या लेकीच्या उशाशी बसला.