पहिली पसंती

"वरची दोन नावं उलटी कर. दुसरं पहिलं, पहिलं दुसरं," फदिया म्हणाली आणि मुलीचा बैठक क्रमांक नि गुप्त क्रमांक लिहिलेला कागद तिनं हमदानपुढे सरकवला.

अरिश गावातल्या हमदानच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कॉलेजांच्या पसंतीची यादी बदलायचा तो शेवटचा दिवस होता.

"मावशी, शुरूकला विचारलंय ना?"

"पोटची पोर आहे माझी. तिला काय हवंय ते तू मला शिकवतोस? दाब बटणं."

हमदाननं दाबली. फदियाला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि ती नावं हमदानकडून वाचून घ्यायची गरजही तिला वाटली नाही. शुरूकला जीवशास्त्र शिकायचं होतं, तेही दूर, कालव्यापलीकडच्या इस्माइलिया शहरातच. तिथं समुद्रातल्या जीवांचा वेगळा विभाग आहे, हे ऐकून ऐकून उन्हाळाभर फदियाचे कान किटले होते. जीवशास्त्र गावातल्या कॉलेजातही होतं, घरापासून वीस मिनिटांवर. पण सांगणार कोणाला? यादी भरली त्या दिवसापासून पोरगी गप्पच झाली होती. इस्माइलिया पहिलं नि गावातलं दुसरं टाकून बसली, आता कुठल्या तोंडानं बोलेल, असं फदिया धरून चालली.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. थोरला सालम कुवेतला गेला तो तिकडचाच झाला. आता हीही गेली तर घर खायला उठणार. फदिया मनातून पार घाबरली होती. पोरीच्या पाठीमागे आपण हे केलं, याची तिला लाजही वाटत होती. पुढचे आठ दिवस तिला घास गोड लागला नाही.

निकाल दुपारी लागला. शुरूक हमदानच्या दुकानातून धावतच घरी आली. फदिया मासे साफ करत बसली होती.

"आई, इस्माइलिया मिळालं!"

फदियाच्या हातातली सुरी थांबली. "असं कसं होईल?"

"मलाही कळेना! मी गावातलंच कॉलेज पहिलं टाकलं होतं. तुला एकटीला टाकून जायला जीव होईना. मग हमदाननंच सांगितलं, तू जाऊन नावं बदललीस म्हणून." शुरूकनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि ती ढसाढसा रडायला लागली. "माझ्यासाठी एवढं केलंस आणि एका शब्दानं बोलली नाहीस!"

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून फदियानं तोंड उघडलं.

"मग आई कशाला असते?" ती म्हणाली.