पडत्या भावाचे शेअर

सालेकशात एकटीच्या बळावर धानाची शेती करणाऱ्या शांतीबाईंनी १९५६ साली एका मँगनीज खाणीचे शेअर घेतले, ते आमगावच्या थोरल्या भावाच्या, ताराचंदच्या शब्दावर. दिवाळीला भाव दुप्पट झाला आणि होळीपर्यंत मूळ भावाच्याही निम्म्यावर आला. शांतीबाईंची झोप उडाली. शेअर विकून टाकायचे ठरवून त्या भावाकडे गेल्या.

"घाबरून काऊन राहिली, बाई? भाव चढते, पडते. मी विकून राहिलो का?" ताराचंद म्हणाला. "पडला तवाच घ्याचा असते. आनखी घे, मी आनून देतो."

शांतीबाईंना आपल्याच भित्रेपणाची लाज वाटली. त्यांनी हातातल्या पाटल्या मोडून पैसे भावाच्या हाती दिले. आठवड्याभरात ताराचंदने शेअरचे कागद घरी आणून दिले आणि बहिणीच्या हातचं जेवून गेला. भाव पडतच राहिला, पण शांतीबाई डगमगल्या नाहीत. कोणी विचारलं तर सांगायच्या, "दादा धरून आहे, मंग मीबी धरून आहो."

वर्षभराने कळलं की खाणीत काहीच निघालं नाही. कंपनी बुडाली. शांतीबाई कागद घेऊन गोंदियाच्या एका वकिलाकडे गेल्या. वकिलाने कागदांची मागची, इंग्रजीतली बाजू वाचली.

"दुसऱ्या खेपेचे शेअर कंपनीकडून आलेले नाहीत, बाई. कोणीतरी स्वतःजवळचे तुम्हाला विकलेत. विकणाऱ्याचं नाव इथे आहे, ताराचंद बिसेन, आमगाव. तुमच्या ओळखीचे आहेत का?"



"होते," शांतीबाई म्हणाल्या.